वाल्मीकनाना बॅटरी तळापर्यंत बघतात

आमच्या म्हसरूळच्या सोसायटीत वाल्मीकनाना ढोमसे तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्यावर. मधे एका मजल्याचं अंतर असल्यामुळे ते माझ्यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवतात. समोरासमोर दारं असती, तर ठेवला नसता.

नाना अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यातली एकतीस वर्षं त्यांनी कांद्याच्या एका बाजार समितीत काढली. काम होतं वांधे मिटवण्याचं. ज्यांनी कांद्याचा लिलाव बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी ट्रॉली भरून आणतो, व्यापारी वरचे चार कांदे हातात घेऊन भाव बोलतो, आणि मग ट्रॉली त्याच्या खळ्यावर रिकामी व्हायला जाते. तिथे खालून बारीक, ओले किंवा कोंब आलेले कांदे निघाले की व्यापारी म्हणतो, "वांधा!" मग समितीचा माणूस येतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, दोन्ही बाजूंच्या शिव्या शांतपणे ऐकतो आणि क्विंटलमागे किती कमी करायचे ते सांगतो. तो माणूस म्हणजे आमचे नाना.

"सर, वरून सगळेच गोरे असतात," हे त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीचं सार आहे. मी शाळेत शिकवतो म्हणून ते मला सर म्हणतात. मी खरंच शिकवतो का, हे त्यांनी एकदा शाळेच्या शिपायाला विचारून घेतलेलं आहे.

निवृत्तीनंतर कांदे सुटले, पण ढिगात हात घालायची सवय सुटली नाही. नाना पेपर शेवटच्या पानापासून वाचतात, कारण पहिलं पान म्हणजे वरचा थर. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला सांगतात, "तळातला भात घाल." कोपऱ्यावरचा मिठाईवाला ते येताना दिसले की पेढ्यांचा बॉक्स आपणहून उलटा करून ठेवतो. महेशसाठी, म्हणजे मुलासाठी, मुलगी बघायला गेले तेव्हा बाकी मंडळींना पुढच्या दाराने पाठवून नाना एकटेच मागच्या दाराने आत शिरले होते. तिथे त्यांची गाठ पडली ती बनियनवर दाढी करत असलेल्या भावी व्याह्यांशी. लग्न तरीही जमलं. "तळाला माल चांगला निघाला," असं नाना आजही सुनेच्या तोंडावर सांगतात आणि सून ते कौतुक समजते.

यावर चंद्रभागाकाकूंचं, म्हणजे नानांच्या बायकोचं, म्हणणं एवढंच असतं, "माझ्या वेळी मात्र माझ्या बापाने नुसता वरचा थर बघितला."

तर अशा या नानांवर गेल्या मे महिन्यात संकट आलं. त्यांची पेट्रोलची स्कूटर एकवीस वर्षांची आणि वजनाने म्हशीच्या पारडाएवढी. एका सकाळी स्टँडवरून काढताना ती त्यांच्या अंगावर कलली आणि दोघंही पार्किंगमध्ये आडवे झाले. गुडघा सुजला. हे कोणी बघितलं नाही अशा समजुतीत नाना लंगडत वर गेले. पण सोसायटीच्या कॅमेऱ्याने बघितलं होतं, आणि कॅमेऱ्यातलं महेशने तीन वेळा बघितलं.

"नाना, बस झालं आता," महेश म्हणाला. "ही गाडी मी भंगारात देतो. कुठं जायचं ते सांगत जा, मी कारने सोडत जाईन."

"रोज?"

"रोज."

"आणि परत?"

"फोन करायचा. मी येईन, नाहीतर रिक्षा पाठवीन."

महेश मनापासून बोलत होता. पण नानांचा चेहरा ट्रॉली रिकामी करून बसलेल्या शेतकऱ्याचा होतो तसा झाला.

कारण नानांना रोज सकाळी मखमलाबादच्या पुढे, मळ्यात राहणाऱ्या मोठ्या बहिणीकडे जायचं असतं. चांगुणाआक्का ऐंशीला टेकलेली. तिला काचबिंदू आहे आणि रोज सकाळी डोळ्यांत थेंब घालावे लागतात. घरात मुलगा आहे, सून आहे, नातवंडं आहेत. पण आक्का थेंब घालून घेते ते फक्त भावाच्या हातून. "बाटलीत कोणी काय भरलं असेल, आपल्याला काय दिसतंय का?" ती म्हणते. यावरून संशय हा ढोमश्यांकडे बाजार समितीच्या आधीपासूनच आहे हे लक्षात यावं.

जायचे नऊ किलोमीटर, यायचे नऊ. त्या अठरा किलोमीटरांत नानांचं सगळं स्वातंत्र्य सामावलेलं. वाटेत कुणाच्या द्राक्षबागेत डोकावायचं, टपरीवर चहा घ्यायचा, मेथीची जुडी उलटी करून बघायची आणि न घेताच निघायचं. महेशच्या कारमधून गेले असते तरी आक्काच्या डोळ्यांत थेंब पडलेच असते. पण नानांना कोणी तरी पोचवणार, कोणी तरी उचलून आणणार. ते त्यांना नको होतं.

बरीच वादावादी होऊन महेशने एक महिन्याची मुदत दिली. तुम्हाला झेपेल अशी बॅटरीची गाडी मिळाली तर घ्या, नाहीतर मग कार. तोवर तो स्वतः रोज आक्काकडे सोडणार. नानांनीही जाहीर केलं, की सत्तर हजारांच्या वर एक रुपया जाणार नाही. मला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, त्यामुळे साक्षीदार म्हणून मला नेमण्यात आलं.

पहिल्या दुकानात आम्ही बॅटरीची सायकल बघितली. सायकल छान होती, वाटलं तर पायडल मारा, वाटलं तर मोटर लावा. नानांनी ती चारही बाजूंनी बघितली.

"मोटर आहे तर पायडल कशाला?"

"काका, व्यायामासाठी," दुकानदार म्हणाला.

"आणि पायडल आहे तर मोटर कशाला?"

"दमलात तर."

बाहेर आल्यावर नाना मला म्हणाले, "सर, त्याचा स्वतःचाच मोटरवर भरवसा नाही. म्हणून पायडल ठेवलेत."

दुसऱ्या दुकानात हळू चालणारी स्कूटर होती. विकणारा उत्साही होता. "काका, हिला लायसन नको, नंबरप्लेट नको, काही नको!" इथे त्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. सरकार जिच्यासाठी एकही कागद मागत नाही अशी वस्तू नानांनी जन्मात बघितली नव्हती. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "बॅटरी उघडून दाखवता का?"

"उघडली तर वॉरंटी जाते, काका."

नानांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. खालचा थर दाखवला की सौदा मोडतो, हे त्यांना एकतीस वर्षं माहीत होतं.

असं करत महिन्यातले बावीस दिवस गेले. रोज सकाळी महेशची कार नानांना मळ्यात सोडायची आणि नाना मागच्या सीटवर अंग चोरून बसायचे. तेविसाव्या दिवशी आम्ही दिंडोरी रोडवरच्या एका शोरूममध्ये गेलो आणि तिथे आम्हाला पायल भेटली.

पायल पंचविशीतली, येवल्याकडची, बोलायला चटपटीत. तिने एक पांढरी, भारदस्त स्कूटर दाखवली. किंमत अठ्ठ्याहत्तर हजार. एकदा चार्ज केली की ऐंशी किलोमीटर.

"कोण म्हणतं ऐंशी?"

"कंपनी म्हणते, काका."

"तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते चालवून बघा. समोरच्या चौकातून चक्कर मारून या."

"ती झाली ट्रॉलीच्या वरच्या चार कांद्यांची चक्कर," नाना म्हणाले. "मला गाडी खाली करून बघायची आहे. पार बंद पडेपर्यंत. किती चालते ते बघू, मग भावाचं बोलू."

पायलने हातातलं पत्रक टेबलावर ठेवलं आणि नानांकडे नीट बघितलं.

"काका, तुम्ही कांदा मार्केटला होता का?"

"तुला काय माहीत?"

"माझे वडील ट्रॉली घेऊन जायचे. शाळेला सुट्टी असली की मी कांद्यांवर बसून जायचे. लिलावात भाव एक, आणि खळ्यावर माल ओतला की वांधा. मग तुमच्यासारखे कोणी तरी यायचे, हात घालायचे आणि म्हणायचे, दीडशे कमी घ्या. ओतलेला कांदा परत भरतं कोण? घ्यायचे बिचारे दीडशे कमी." तिने पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. "आधी गाडी खाली करणार आणि मग भाव पाडणार. बरोबर ना?"

नाना माझ्याकडे बघेनात. कारण बरोबर हेच ठरलं होतं. आदल्या संध्याकाळीच त्यांनी मला सांगितलं होतं, की दुकानदार म्हणेल त्याच्या बऱ्याच आधी गाडी मरेल, मग भाव तोडू आणि सत्तरमध्ये बसवू.

"मग तुझं म्हणणं काय?" नानांनी विचारलं.

"भाव आधी ठरवू, मग खाली करू. साठ किलोमीटरच्या आत बंद पडली तर तुम्हाला सत्तरला. साठच्या पुढे गेली तर अठ्ठ्याहत्तर, आणि त्याच दिवशी घ्यायची. एक शब्द बोलायचा नाही. मालकांना मी विचारते."

मालकांनी मान हलवली. पायलने पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला सगळं लिहिलं, खाली नानांनी सही केली, तिने केली. नानांनी कागद उलटा करून पुढची छापील बाजूही वाचून काढली.

"आणि मी सोबत येणार," पायल म्हणाली. "ट्रॉलीबरोबर शेतकरी जातो तसा."

दुसऱ्या दिवशी नाना उजाडताच महेशबरोबर जाऊन आक्काचे थेंब उरकून आले आणि सकाळी सातला आम्ही निघालो. नाना पांढऱ्या गाडीवर, मागून पायल तिच्या स्कूटरवर, तिच्या मागे मी. निघण्याआधी नानांना पहिला वांधा सापडला.

"पोरी, ही तुझी गाडी पेट्रोलची?"

"हो."

"विकतेस बॅटरीची आणि चालवतेस पेट्रोलची?"

"भावाची जुनी आहे, फुकट मिळाली. तुम्ही फुकट देताय का ही?"

नानांनी हेल्मेटची काच खाली ओढली.

वाट ठरली होती ती पिंपळगाव बसवंतपर्यंत आणि परत. नानांना त्या रस्त्याचा दगडन् दगड पाठ, त्यामुळे काटा खोटं बोलला तरी रस्ता बोलणार नाही हा हिशेब. सर्व्हिस रोडने नाना ताशी तीसच्या वेगाने चालले होते, पाठ ताठ, मान पुढे. दर पाच किलोमीटरला ते थांबायचे, काट्यावरचे आकडे मला मोठ्याने वाचायला लावायचे आणि मी वाचलेले पुन्हा स्वतः वाचायचे. पायल दर वेळी नानांच्या पायांकडे बघत होती. मला वाटलं, चपला बघते आहे.

पिंपळगावला पोचलो तेव्हा एकतीस किलोमीटर झाले होते आणि बॅटरी चोपन्न टक्के होती. म्हणजे मरायचं नाव नव्हतं. कांद्याचे टेम्पो धूळ उडवत शेजारून जात होते. नानांनी चहा घेतला, पण नेहमीसारखी कपाच्या तळाची तपासणी केली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

परतीच्या वाटेवर ओझरजवळ पांढरी गाडी हळूहळू कडेला गेली आणि उभी राहिली. काटा बेचाळीस, बॅटरी अडतीस टक्के. गाडी सुरू होती. नाना बंद पडले होते.

ते उतरेनात. एक पाय जमिनीवर टेकवायला गेले तर टाचेऐवजी नुसती बोटं टेकली, आणि गाडी कलायला लागली. पायलने तिची गाडी तशीच सोडून धावत येऊन हँडल धरलं. आम्ही दोघांनी मिळून नानांना उतरवलं आणि लिंबाच्या सावलीत दगडावर बसवलं. कंबर धरलेली, गुडघा भरलेला, तोंड सुकलेलं.

"काय झालं, नाना?" मी पाणी देत विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. मग पाणी पिऊन, "गाडी संपली नाही सर. मी संपलो."

यावर कोणीही हळहळलं असतं. पायल हळहळली नाही. तिने कमरेवर हात ठेवले.

"काका, हे मुद्दाम तर नाही ना?"

"काय?"

"बेचाळीसला थांबलात. साठ झाले नाहीत. उद्या म्हणाल, साठ गेलीच नाही गाडी, द्या सत्तरला."

आयुष्यभर नानांनी दुनियेला विचारलेला प्रश्न पहिल्यांदाच कोणी तरी त्यांना विचारत होतं. आणि गंमत अशी, की उत्तर देण्यासाठी त्यांच्याकडे कोपरापर्यंत हात घालून दाखवावा असा काही ढीगही नव्हता. दुखणारी कंबर बाहेर काढून दाखवता येत नाही.

"अगं, खरंच होत नाही मला," ते म्हणाले. "देवाशपथ."

"शेतकरीही देवाशपथच म्हणायचे, काका."

शेवटी तोडगा मी काढला. उरलेली वाट पांढरी गाडी मी चालवायची, नानांनी पायलच्या मागे बसायचं. तसे आम्ही निघालो. मागे बसलेल्या नानांनी वीस किलोमीटरांत एकच गोष्ट विचारली असं पायल नंतर म्हणाली. "तुझ्या वडिलांचे दीडशे कापले, तेव्हा माल खरंच खराब होता का?" ती म्हणाली, "तळाला थोडा होता."

शोरूमसमोर बासष्ट झाले. दिंडोरी रोडवर मी येड्यासारख्या फेऱ्या मारत राहिलो आणि सदुसष्ट किलोमीटरला गाडी पानटपरीसमोर शांतपणे थांबली.

नाना हरले होते. त्यांनी चेकबुक काढलं. आठ हजार जास्त गेल्याचं दुःख होतंच, पण खरं दुःख वेगळं होतं. ही गाडी घरी नेली तरी पार्किंगमध्ये पुन्हा आडवं व्हायला ते मोकळे होते, आणि मग महेशची कार कायमची.

"थांबा काका," पायल म्हणाली. "ही मी तुम्हाला देत नाही."

"का? मी सही केली आहे."

"ही तुमच्या कामाची नाही. सीट उंच आहे. सकाळपासून बघते, थांबलात की तुमची बोटंच टेकतात." तिने कोपऱ्यातून एक करड्या रंगाची बुटकी स्कूटर ओढून आणली. "हिच्यावर बसा. बासष्ट हजार. एका चार्जवर पंचेचाळीस म्हणतात, चाळीस धरा. तुमचं रोजचं किती?"

"अठरा."

"मग?"

नानांच्या कपाळावर आठ्यांचं जाळं आलं. विकणारी बाई महाग वस्तू सोडून स्वस्त वस्तू देते आहे. त्यांनी मालाकडे नाही, थेट तिच्याकडे बघितलं.

"कमिशन कशावर जास्त?"

"मोठीवर."

"मग ही का देतेस?"

"तुम्ही पडलात की म्हसरूळभर होईल ना, गाडी कुठून घेतली होती म्हणून! मला याच रस्त्यावर धंदा करायचा आहे."

हे कारण नानांना एकदम पटलं. निव्वळ चांगुलपणा म्हणाली असती तर ते उठून निघून गेले असते. ते करड्या गाडीवर बसले. दोन्ही तळपाय सपाट जमिनीवर. उतरले, एका हाताने गाडी स्टँडवर घेतली, काढली, पुन्हा घेतली. असं सात वेळा केलं. बॅटरी बाहेर काढून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेता येईल का म्हणून शोरूममध्येच ती हातात धरून दहा मिनिटं उभे राहिले. पायल स्टुलावर बसून मोबाईल बघत होती. तिला घाई नव्हती.

करडी गाडी दोन दिवसांनी, मुदत संपायच्या आत, घरी आली. काकूंनी ओवाळताना विचारलं, "ही तरी तळापर्यंत बघितली का?" नाना म्हणाले, "नाही बघितली." काकूंच्या हातातलं ताट क्षणभर थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला नाना एकटे निघाले. पुढची हकिकत मी त्यांच्याकडून अकरा वेळा ऐकली आहे आणि ती एकदाही बदललेली नाही. मखमलाबाद गावाच्या अलीकडे त्यांना आरशात मागे एक पांढरी कार दिसली. कार पुढे जात नव्हती, मागेही पडत नव्हती. नानांनी इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली, दोन्ही पाय टेकवले, स्टँडवर लावली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. कारला थांबावंच लागलं. काच खाली झाली. आत ऑफिसच्या कपड्यात महेश.

"ऑफिस इकडे आलं का तुझं?"

"नाही नाना, सहज..."

"सहज नाही. बघायला आलास, मी पडतो का ते." नानांना राग आला नव्हता. उलट पोरगा आपल्यावर गेला याचं त्यांना बरंच वाटलं. "बघितलंस? आता मागच्या बाजूनेही बघून घे. आणि जा, उशीर होईल तुला."

महेश खरंच खाली उतरला, गाडीभोवती एक फेरी मारली, स्टँड हलवून बघितला, टायर दाबून बघितले. मग कार वळवून गेला. नाना ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होते, मग पुढे निघाले.

मळ्यात चांगुणाआक्का ओट्यावर बसून वाट बघत होती. महिनाभर रोज कारचं दार आपटल्याचा आवाज यायचा, आज आला नव्हता.

"वाल्मीक, आज कोणी सोडलं रे तुला?"

"कोणी नाही," नाना म्हणाले, आणि तिची मान मागे करून थेंब घालायला बसले.